कच्चं काम उलट, पक्कं काम सुलट

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय गणित. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव बार्शीजवळ. बारावीला गणितात ९१ मार्क होते, सीईटीही चांगली गेली. इथे मात्र प्रत्येक प्रश्न ‘सिद्ध करा’ असाच असतो आणि माझं पेन अडतं. पुस्तकातली सिद्धता वाचली की कळते, वही मिटून लिहायला बसलं की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. आणि जिथे सुचते तिथे मार्क मिळत नाहीत. चाचणीतलं एक उत्तर सोबत पाठवते आहे. आकडेमोड पूर्ण बरोबर असून चारपैकी शून्य, शेरा फक्त एका शब्दाचा: ‘कॉन्व्हर्स’. उदाहरणं सोडवणारं डोकं आणि सिद्धता करणारं डोकं वेगळं असतं का? पुढच्या वर्षी गणित सोडून स्टॅटिस्टिक्स घेऊ का?

उत्तर: पत्रापेक्षा सोबतचं पान जास्त बोलकं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. प्रश्न होता: म हा पूर्णांक आहे, म² सम असेल तर म सम असतो हे सिद्ध करा. तू लिहिलंस:

‘समजा म सम आहे. म्हणून म = २क. म² = ४क² = २(२क²). म्हणून म² सम आहे. सिद्ध झाले.’

आकडेमोडीत खरंच चूक नाही, आणि शून्य मार्कही बरोबरच आहेत. भूमितीच्या वहीत तू पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे मथळे घालायचीस ना? तेच इथे घालून बघ. पक्ष: म² सम आहे. साध्य: म सम आहे. आता तुझी पहिली ओळ वाच. साध्य होतं तेच तू पक्ष म्हणून घेतलंस आणि पक्षाला शेवटी ‘सिद्ध’ केलंस. विचारलं होतं त्याचा व्यत्यास, म्हणजे शेऱ्यातला ‘कॉन्व्हर्स’, तू सिद्ध केलास. योगायोगाने तोही खरा आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे. दहावीला पायथागोरसचं प्रमेय आणि त्याचा व्यत्यास ही दोन वेगळी प्रमेयं होती, दोन वेगळ्या सिद्धतांसह, ती याचसाठी.

ही चूक इतकी सर्रास होते, त्यामागे आपली रोजची भाषा आहे. आई म्हणते, ‘अभ्यास केलास तर जत्रेला नेईन.’ ऐकणारी मुलगी लगेच समजते की नाही केला तर जत्रा नाही. बोलण्यातला ‘तर’ असा दोन्ही बाजूंनी चालतो. गणितातला ‘तर’ एकेरी रस्ता आहे. ‘संख्येला १० ने भाग जात असेल तर ५ ने जातो’ हे खरं. उलटं फिरवलं, ‘५ ने जात असेल तर १० ने जातो’, की ३५ आडवा येतो. दोन्ही बाजूंना नुसता नकार लावला, ‘१० ने जात नसेल तर ५ नेही जात नाही’, तरी तोच ३५ आडवा येतो. पण फिरवून आणि नकार लावून, दोन्ही केलं, ‘५ ने जात नसेल तर १० नेही जात नाही’, की विधान पुन्हा खरं. ते मूळ विधानाहून वेगळं नाहीच. बारावीच्या लॉजिकच्या धड्यात याला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणून तू सत्यता सारणी भरली असशील आणि मार्क घेऊन विसरलीही असशील. तो धडा आता बाहेर काढायचा. (अपवाद एकच, व्याख्यांचा. ‘म = २क असा पूर्णांक क असेल तर म ला सम म्हणतात’ यातला ‘तर’ दोन्हीकडून चालतो. व्याख्या लिहिताना सगळे हा आळस करतात.)

आता तुझाच प्रश्न नीट सोडवू. म² = २क इथून सरळ निघालीस तर म = √(२क) मिळतं आणि त्या वर्गमुळाचं पुढे काय करायचं ते कळत नाही, कारण त्याला धरायला मूठच नाही. दुसरं टोक बघ: ‘म सम नाही’, म्हणजे म विषम, म्हणजे म = २क + १. इथे सूत्र आयतं हातात आलं. वर्ग कर: ४क² + ४क + १ = २(२क² + २क) + १. हे विषम. म विषम असेल तर म² विषम हे झालं, आणि तोच मूळ विधानाचा कॉन्ट्रापॉझिटिव्ह. काम संपलं, तीन ओळींत. कुठल्या बाजूने चढायचं हे अंतःप्रेरणेवर सोडू नकोस. दोन्ही टोकं व्याख्येने उलगडून बघायची आणि ज्या टोकाचं सूत्र हाताला लागतं तिथून निघायचं. आणि हो, √२ अपरिमेय असल्याच्या सिद्धतेत ‘प² सम, म्हणून प सम’ ही जी ओळ शाळेत भरकन निघून गेली, तिच्या पोटात हेच दडलेलं होतं.

पहिली ओळ सुचत नाही, ही तुझी खरी तक्रार. उत्तरपत्रिकेच्या उजव्या समासात ‘कच्चे काम’ असं लिहायची सवय बहुपर्यायी परीक्षांनी मोडली असेल तर ती परत लाव. सिद्धतेला पान दोन लागतात, एक कच्चं आणि एक पक्कं, आणि दोन्हींची दिशा बहुतेक वेळा उलट असते. पुस्तकात फक्त पक्कं पान छापतात. म्हणून वाचताना सगळं कळतं पण ‘हे याला सुचलं कुठून’ ते कळत नाही. सुचलं ते कच्च्या पानावर, आणि ते पान छापखान्यात गेलंच नाही.

कच्च्या पानाच्या माथ्यावर पक्ष लिही, तळाशी साध्य. मध्ये मोकळी जागा ठेव. मग पक्षातल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या त्याच्या खाली लिही, आणि साध्यातल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या त्याच्या वर. ‘सम’ दिसलं की ‘= २क’. ‘भाग जातो’ दिसलं की ‘= अ × काहीतरी, आणि ते काहीतरी पूर्णांक’. वरून खाली उतर, खालून वर चढ. पहिल्या वर्षाच्या निम्म्याअधिक प्रश्नांत एवढ्यावर दोन्ही टोकं भेटतात, कल्पकता वगैरे काही लागत नाही. व्याख्या ‘साधारण आठवते’ असं असेल तर काहीही भेटत नाही. व्याख्या शब्दशः पाठ हवी. पाठांतराला गणितात कमी लेखतात, पण पाढ्यांइतक्याच व्याख्याही तोंडावर पाहिजेत.

उलट-सुलट म्हणजे काय ते एका छोट्या असमानतेवर बघ. क्ष आणि य ऋण नाहीत. (क्ष + य)/२ ≥ √(क्षय) दाखवायचं आहे. कच्च्या पानावर साध्यापासूनच निघ, तिथे त्याला मुभा आहे: दोनाने गुणलं, क्ष + य ≥ २√(क्षय). सगळं एका बाजूला आणलं, क्ष − २√(क्षय) + य ≥ ०. डावीकडे (√क्ष − √य)² दिसतो आणि वर्ग ऋण नसतोच. इथे बहुतेक मुलं ‘जे खरं आहे, म्हणून सिद्ध झाले’ असं लिहून थांबतात आणि मार्क घालवतात. साध्यापासून निघून खऱ्या गोष्टीपाशी पोचणं म्हणजे साध्य खरं होणं नव्हे. −१ = १ पासून निघ, दोन्हीकडे वर्ग कर, १ = १ मिळतं, शंभर टक्के खरं. म्हणून पक्क्या पानावर शेवटची ओळ पहिली येते: ‘क्ष, य ऋण नाहीत, म्हणून √क्ष आणि √य वास्तव आहेत, आणि (√क्ष − √य)² ≥ ०. विस्तार करून…’ असं खालून वर. वर चढताना प्रत्येक पायरीला विचार: ही उलटी चालते का? दोनाने गुणणं उलटं चालतं. वर्ग करणं दर वेळी चालत नाही.

‘ऋण नाहीत’ ही अट कुठे वापरली तेही बघितलंस ना? पक्षातली प्रत्येक अट सिद्धतेत कुठेतरी कामाला आलीच पाहिजे. एखादी आलीच नाही तर दोन शक्यता: तू दिलेल्यापेक्षा मोठं प्रमेय सिद्ध केलंस, किंवा कुठेतरी घसरलीस. पहिल्या वर्षाला दुसरीच शक्यता धरून तपास कर.

सीमेच्या व्याख्येत, म्हणजे एप्सिलॉनच्या प्रश्नांत, कच्चं आणि पक्कं यांतलं अंतर सगळ्यांत जास्त, आणि घाबरतातही सगळे तिथेच. (३म + १)/(म + २) ही क्रमिका ३ कडे जाते हे दाखवायचं आहे, म्हणजे प्रत्येक धन संख्येसाठी (तिचं नाव एप्सिलॉन, ती कितीही लहान असू शकते) असा एक तरी ट आहे की म ≥ ट असेल तेव्हा पद आणि ३ यांतला फरक एप्सिलॉनपेक्षा कमी असतो. कच्च्या पानावर वजाबाकी कर: फरक येतो ५/(म + २). तो एप्सिलॉनपेक्षा कमी हवा. ५/(म + २) हा ५/म पेक्षा लहानच, तेव्हा ५/म एप्सिलॉनपेक्षा लहान झाला तरी पुरे, म्हणजे म हा ५/एप्सिलॉनपेक्षा मोठा हवा. कच्चं संपलं. पक्कं असं सुरू होतं: ‘एप्सिलॉन ही कोणतीही धन संख्या दिलेली आहे. ५/एप्सिलॉनपेक्षा मोठी एक नैसर्गिक संख्या ट निवडू. म ≥ ट असेल तर फरक = ५/(म + २) < ५/म ≤ ५/ट < एप्सिलॉन.’ वाचणाऱ्याला ५/एप्सिलॉन आकाशातून पडल्यासारखं वाटतं, पण तुला ते कुठून आलं ते माहीत आहे. आणि इथे काटकसर नको. सर्वांत लहान ट शोधत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. चालेल असा कुठलाही ट पुरतो. सीईटीने ‘अचूक उत्तर एकच’ ही सवय लावलेली असते, ती इथे नडते.

याच व्याख्येत ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ एका वाक्यात येतात आणि त्यांचा क्रम सगळं ठरवतो. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ हे साधं वाक्य. ‘अशी एक किल्ली आहे जी प्रत्येक कुलपाला लागते’ हे चोराला आवडणारं वाक्य. शब्द तेच, क्रम बदलला. सिद्धता लिहिताना ‘प्रत्येक’ दिसलं की ती वस्तू समोरचा देतो, तुला निवडीचा हक्क नाही. ‘असा एक’ दिसलं की तू निवडतेस, पण तोवर समोरच्याने जे दिलंय तेवढंच बघून. म्हणून ट हा एप्सिलॉनवर अवलंबून राहू शकतो, म वर नाही.

नकार लावताना मराठी दगा देते. ‘सर्व विद्यार्थी आले नाहीत’ याचा अर्थ एकही आला नाही, की काही आले नाहीत? ऐकणारा प्रसंगावरून ठरवतो. गणितात असं वाक्य लिहूच नकोस. ‘प्रत्येक’चा नकार ‘असा एक तरी आहे ज्याच्या बाबतीत नाही’ असा सुटा लिही. क्रमिका ३ कडे जात नाही याचा अर्थ: असा एक एप्सिलॉन आहे की कुठलाही ट घेतला तरी त्याच्या पुढे एखादा म सापडतो जिथे फरक एप्सिलॉन किंवा त्याहून जास्त आहे. पदोपदी ‘प्रत्येक’चं ‘असा एक’ होतं आणि ‘असा एक’चं ‘प्रत्येक’. हे रोज दोन वाक्यांवर करून बघ, आठवडाभरात हात बसतो.

दुसरा दगाबाज शब्द ‘कोणतीही’. ‘कोणतीही संख्या घ्या, समजा ६’, आणि पुढची सगळी सिद्धता ६ ची. कोणतीही म्हणजे जिच्याबद्दल दिलेल्या अटीपलीकडे काहीच माहीत नाही अशी. याचं एक सूक्ष्म रूप जाणकारांनाही चकवतं. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते: ‘प = २क + १, फ = २क + १, बेरीज ४क + २, म्हणून सम.’ पटलं? दोन्हींना एकच क दिला, म्हणजे प आणि फ समान झाले. शिवाय या ‘सिद्धते’वरून बेरजेला ४ ने भागल्यास नेहमी २ उरायला हवेत, पण १ + ३ = ४. नवी वस्तू आली की तिला नवं अक्षर द्यायचं: फ = २ख + १.

आणि तिसरा शब्द म्हणजे ‘समजा’. मराठीत तो तीन वेगळी कामं करतो. ‘समजा क ही नैसर्गिक संख्या आहे’ हे नामकरण. ‘समजा म² सम आहे’ हा पक्ष. ‘समजा √२ परिमेय आहे’ हे पुढे पाडण्यासाठीच उभं केलेलं खोटं. इंग्रजी पुस्तकात लेट आणि सपोज असे निदान दोन शब्द असतात. तू कच्चं काम मराठीत कर, खुशाल कर, विचार मातृभाषेतच जलद होतो. पण प्रत्येक ‘समजा’पाशी कंसात टीप ठेव: नाव, पक्ष की खोटं. तुझ्या चाचणीतल्या उत्तरात पहिल्याच ‘समजा’ला हा प्रश्न विचारला असता तर शून्य टळलं असतं.

उदाहरणांचा पुरावा किती चालतो, हा पुढचा मुद्दा. म² + म + ४१ या सूत्रात म = ० पासून एकेक संख्या घालत जा. ४१, ४३, ४७, ५३… सगळ्या मूळ संख्या. म = ३९ पर्यंत, ओळीने चाळीस वेळा. म = ४० ला मिळतं १६८१, म्हणजे ४१ × ४१. चाळीस उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही आणि एका उदाहरणाने मोडतं. मोडायचं असेल तेव्हा एकच पण नेमकं हवं. त्रिकोणांच्या एकरूपतेला बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी आहे, बाबाबा आहे, मग बाबाको का नाही? कंपास घे. ३० अंशांचा कोन काढ, एका भुजेवर कोनाच्या शिरोबिंदूपासून १० सेंमी अंतरावर बिंदू घे, तिथून ६ सेंमी त्रिज्येचा कंस मार. दुसऱ्या भुजेला तो दोन ठिकाणी छेदतो. दोन बाजू आणि एक कोन तेच, त्रिकोण दोन वेगळे. (५ सेंमी घेतलंस तर एकच मिळतो. का ते तू बघ.)

पण उदाहरणं तपासून सिद्धता होतच नाही असं मात्र मानू नकोस. सगळीच्या सगळी तपासली तर ती सिद्धताच. याचा सुरेख नमुना आपल्या घरचा आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये जाहीर केलेला ६१७४ हा आकडा. चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, चढत्या क्रमाने लाव, वजा कर, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो आणि मग तिथेच राहतो: ७६४१ − १४६७ = ६१७४.

सिद्ध कसं करशील? ०००१ पासून मोजल्या तर ९,९९० संख्या तपासाव्या लागतील. आता कच्चं पान घे. उतरते अंक अ, ब, क, ड. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड, लहान १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी: ९९९(अ − ड) + ९०(ब − क). थांब आणि बघ काय झालं. उत्तर चार अंकांवर अवलंबून नाहीच, फक्त दोन फरकांवर आहे. प = अ − ड, फ = ब − क म्हण. सगळे अंक सारखे नाहीत म्हणून प हा १ ते ९. ब आणि क हे अ आणि ड यांच्या मध्ये, म्हणून फ हा ० ते प. प = १ ला २ शक्यता, प = २ ला ३, … प = ९ ला १०. बेरीज ५४. नऊ हजार नऊशे नव्वदांचं काम चौपन्न ओळींवर आलं, एका संध्याकाळचं. प्रत्येक ओळीत ९९९प + ९०फ काढ आणि त्याचा पुढचा (प, फ) लिही. सगळ्या वाटा (६, २) ला, म्हणजे ६१७४ ला, मिळतात.

इथे दोन खाचखळगे आहेत आणि उत्तरात ते लिहावेच लागतात. पहिला: मधेच सगळे अंक सारखे असलेली संख्या आली तर गाडं शून्यावर अडकेल. येत नाही, कारण प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग जातो. ११११, २२२२ वगैरेंपैकी ९ ने फक्त ९९९९ ला जातो, आणि सर्वांत मोठी वजाबाकी ९८०१ आहे. दुसरा: २१११ − १११२ = ९९९. हे ९९९ म्हणून घेतलं तर पुढची वजाबाकी शून्य आणि दावा कोसळला. ०९९९ असं चार अंकी लिहिलं तर ९९९० − ०९९९ = ८९९१ आणि गाडी पुढे जाते. ‘चार अंकी, सुरुवातीचे शून्य धरून’ एवढी तळटीप विधानात नसेल तर विधानच खोटं ठरतं. विधान नीट मांडणं हा सिद्धतेचा अर्धा भाग असतो, तो असा.

विसंगतीने सिद्धता, म्हणजे शाळेतली अप्रत्यक्ष सिद्धता, ही जपून वापर. ती सुरुवातीला जादूसारखी वाटते आणि मुलं प्रत्येक प्रश्नाला ‘समजा हे खरं नाही’ असंच भिडतात. अडचण अशी की तिथे शेवटी विसंगती हवी असते, आणि आकडेमोडीत चूक झाली की विसंगती आपोआप मिळते. सरळ सिद्धतेत चूक झाली तर उत्तर बिघडलेलं दिसतं. इथे चूकच यशासारखी दिसते. आधी सरळ, मग कॉन्ट्रापॉझिटिव्ह, दोन्ही अडलं तरच विसंगती. आणि विसंगतीची सिद्धता लिहून झाली की बघ, तुझं खोटं गृहीतक मध्ये कुठे वापरलं गेलं का. नसेल तर ती सरळ सिद्धताच होती, उगाच वेष्टन घातलं होतंस.

युक्लिडची ‘मूळ संख्या अनंत आहेत’ ही सिद्धता सगळे पाठ म्हणतात आणि निम्मे चुकीची म्हणतात. यादीतल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून १ मिळवला की ‘नवी मूळ संख्या मिळते’ असं लिहितात. मिळतेच असं नाही: २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ = ५९ × ५०९. बरोबर वाक्य असं की त्या संख्येला भाग जाणारी कुठलीतरी मूळ संख्या असते आणि ती यादीत नसते, कारण यादीतल्या प्रत्येकीने भागलं तर १ उरतो.

इंडक्शनबद्दल (पहिल्या संख्येला खरं, आणि एकीला खरं असेल तर पुढचीलाही खरं, म्हणून सगळ्यांना खरं) थोडक्यात, कारण ते तू अकरावीपासून करते आहेस. पहिली पायरी ‘सोपी आहे’ म्हणून गाळायची नाही. ‘क = क + १’ असं मान, दोन्हीकडे १ मिळव, क + १ = क + २ मिळालं; मधली पायरी निर्दोष, पण पायाच नाही. आणि मधली पायरी अगदी पहिल्या उडीला चालते का ते पाहायचं. ‘कोणत्याही म मुलींची उंची सारखी असते’ हे सिद्ध करायचा एक जुना खोडसाळ डाव आहे: पहिलीला वगळा, उरलेल्या सारख्या; शेवटचीला वगळा, उरलेल्या सारख्या; मधल्या दोन्ही गटांत आहेत, म्हणून सगळ्या सारख्या. एकावरून दोनावर जाताना ‘मधल्या’ कोणीच नसतात. तिथेच तो फुटतो.

आता सराव कसा करायचा. रोज एकच प्रमेय, पण असं: विधान वाचायचं, सिद्धता झाकायची, चाळीस मिनिटं कच्चं पान. काहीच सुचलं नाही तरी व्याख्या उलगडलेलं पान हातात असतं. मग पुस्तकातली फक्त पुढची एक ओळ उघडायची आणि परत झाकायची. मोबाइलवर पूर्ण उत्तर शोधायचं नाही, कारण ते पक्कं पान असतं आणि तुला कमी पडतंय ते कच्चं. सिद्धता समजली की लगेच उतरवून काढू नकोस. नक्कल कळल्याचा नुसता भास देते. दोन-तीन खुणेचे शब्द लिहून ठेव (‘विषम घे, वर्ग कर’) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांवरून पूर्ण सिद्धता स्वतःच्या वाक्यांत लिही. मग लाल पेनाने प्रत्येक ‘म्हणून’पाशी ‘का?’ असं लिहायचं आणि उत्तर व्याख्या, पक्ष, आधीची ओळ किंवा माहीत असलेलं प्रमेय यांपैकी कुठे आहे ते दाखवायचं. ‘स्पष्टच आहे’ असं लिहावंसं वाटलं तिथे थांब. खड्डा बहुधा तिथेच असतो. सिद्धता वाक्यांत लिही. नुसत्या समीकरणांची उतरंड आणि मध्ये बाणांचे शिंतोडे हे परीक्षकाला तुझं कच्चं पानच दिसतं.

आठवड्यातून एकदा मैत्रिणीशी वह्या बदला. तिचं काम तुझ्या सिद्धतेतला एक तरी दुवा मोडायचं. दुष्टपणे वाचायला सांग.

उन्हाळ्यात जमलं तर एम.टी.टी.एस. (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या शिबिराचा अर्ज भर. १९९३ पासून चालत आलेलं, गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीचं शिबिर आहे, आणि तिथे शिकवणाऱ्यापेक्षा विद्यार्थ्यालाच जास्त बोलावं लागतं.

डोकं वेगळं असतं का, असं तू विचारलंस. तू पाठवलेल्या पानावर व्याख्या अचूक आहे, बीजगणित अचूक आहे, शेवटी २ बाहेर काढून कंसात पूर्णांक ठेवायचं भानही आहे. चुकली ती दिशा, आणि दिशा चुकणं हे डोक्यापेक्षा सवयीचं काम आहे. स्टॅटिस्टिक्स आवडत असेल तर जरूर घे, पण सिद्धता टाळायला घेणार असशील तर फसशील. तिथेही पुढे प्रॉबॅबिलिटीची प्रमेयं येतात आणि त्यांत हेच एप्सिलॉन पुन्हा भेटतात. निर्णय या सत्राच्या शेवटापर्यंत लांबव. तोवर तुझा चार मार्कांचा प्रश्न ‘म³ ला ३ ने भाग जात असेल तर म ला ३ ने भाग जातो’ असा बदलून सोडव. विषम हा एकच पर्याय आता पुरणार नाही, बाकी १ आणि बाकी २ अशा दोन शाखा कराव्या लागतील.